चमच्यावर बोटीचं नाव नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी येणारा प्रत्येक जण शोकेससमोर थबकतो आणि विचारतो, हा काळपट चमचा आणि ही चार पोस्टकार्डं कुठल्या बोटीची, तुम्ही बसलात का तिच्यात? नाही हो. ती १९६५ लाच बंद पडली, मी तेव्हा कॅनडात काय, जगातच नव्हतो.

बोट कीवॉटिन. १९०७ मध्ये ग्लासगोच्या गोव्हनला बांधलेली, मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. रेल्वेला बोट कशाला? तर टोरंटोहून गाडी जॉर्जियन बेच्या धक्क्यापर्यंत यायची, तिथून माणसं आणि सामान बोटीत, मग ह्युरॉन, सुपीरियर ही मोठाली सरोवरं पार करत अडीच दिवसांत फोर्ट विल्यम, म्हणजे आताचं थंडर बे, की पुन्हा गाडी पकडून पश्चिमेला. पण मला खरी आवडते ती तिच्या येण्याची गोष्ट. बोट ३५० फूट आणि या सरोवरांकडे जाणाऱ्या वेलंड कालव्याचे तेव्हाचे लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे पाण्याचे हौद, जेमतेम २७० फुटांचे, मग काय, क्युबेकजवळ लेव्हीला तिचे सरळ दोन तुकडे केले, कालव्यातून ओढत नेले आणि बफेलोला परत जोडले. सोफा दारातून जात नाही म्हणून आपण पाय काढतो ना, तसं.

१९४९ ला नोरॉनिक नावाची दुसरी बोट टोरंटोच्या धक्क्यावरच जळाली, शंभरावर माणसं गेली, त्यानंतर आगीचे नियम कडक झाले, आणि आतून सगळं लाकूड असलेल्या जुन्या बोटींना ते झेपणारं नव्हतं. त्यात मोटारी आणि विमानं आली. कीवॉटिन भंगारात जायची ती वाचली, १९६७ ला मिशिगनला नेली, तिथे म्युझियम झाली, २०१२ ला जॉर्जियन बेवरच्या पोर्ट मॅकनिकोलला परत आली (मी तिथेच पाहिली), २०२३ पासून कॅनडातल्याच किंग्स्टनला आहे.

आता चमचा. मागे फक्त सी.पी.आर., म्हणजे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे, एवढीच अक्षरं, बोटीचं नाव नाहीच. कंपनीच्या गाड्या होत्या, हॉटेलं होती, बोटी होत्या, त्यामुळे हा कीवॉटिनचाच कशावरून? विकणारा छातीठोकपणे म्हणाला बोटीचाच, पण तो तसंच म्हणणार. टोक डाव्या अंगानं झिजलंय, म्हणजे उजव्या हातानं खाणाऱ्यांनी वर्षानुवर्षं प्लेट खरवडलीय, ती डुलत्या टेबलावर का डायनिंग कारमध्ये, देव जाणे. गंमत म्हणजे कोणी ढापू नये म्हणून नाव घातलं आणि नाव होतं म्हणूनच लोकांनी ढापलं. आईनं आमच्या प्रत्येक वाटी-पेल्यावर नाव आणि तारीख घालून घेतली होती, तरी शेजारच्यांची दोन भांडी आमच्याकडे आणि आमचा एक डबा कायमचा त्यांच्याकडे होताच.

खात्रीचं म्हणाल तर पोस्टकार्डं, कवडीमोलाची, पण त्यांवर बोटीचं नाव छापलंय. एकावर पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलंय की रात्रभर धुकं, रात्रभर भोंगा, डोळ्याला डोळा नाही. ते वाचलं की मला चमच्याचं फारसं काही वाटत नाही.

शोकेसमध्ये चमच्याखाली मी चिठ्ठी लावलीय, "बहुतेक कीवॉटिन". परवा पाहुण्यांच्या गर्दीत चमचे कमी पडले, तर हिनं तोच काढून, घासून, श्रीखंडाच्या भांड्यात घातला.