बंड्या रांगेत उभ्या होत्या

डिसेंबरातली सकाळ. साडेसहाला पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगवरून, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावरून, तिथल्या पोराचा फोन आला. "भाऊ, काटा चालू हाय, पन पट्टीच निघून नाही राहिली. फाटकाबाहेर बंड्या लागल्या हायेत. डिस्क भरली म्हनते. जुन्या फाईली पुसून टाकू का?"

"कोणत्या?"

"पीजी वॉल नावाचं फोल्डर हाय. चाळीस जीबी झालं."

"हात लावू नको. येतोच मी."

बंड्या म्हणजे कापूस घेऊन आलेल्या बैलगाड्या, आणि पट्टी म्हणजे वजनाच्या आणि पैशांच्या हिशोबाची पावती. तीन जिनिंग आणि दोन पतसंस्थांचे डेटाबेस मी सांभाळतो. पोस्टग्रेस हे डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक बदल आधी त्या फोल्डरात लिहून ठेवतं, मग मूळ तक्त्यात नेतं. लाईन गेली तर याच नोंदींवरून ते सावरतं. पूर्वी त्याचं नाव पीजी एक्सलॉग होतं. लॉग म्हणजे बिनकामाच्या नोंदी, असं समजून लोक ते पुसायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे. म्हणून 2017 च्या दहाव्या आवृत्तीत नावच बदललं. तरी रांग वाढू लागली की हात तिकडेच जातो. त्या पोराला मी दोष देत नाही. त्यानं विचारलं, हेच मोठं.

निघताना वणीच्या दादांना फोन लावला. ते एका पतसंस्थेचं काम पाहतात, आणि हे सगळं माझ्या आधी भोगून बसलेत. ते एवढंच म्हणाले, "बंद पडलेला अख्खा डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर उतरव. त्याशिवाय एका फाईललेही बोट लावू नको."

उतरवायला चाळीस मिनिटं लागली. तोवर काट्यावर कार्बन लावून हातपावत्या सुरू केल्या. वजन, ओलावा, गाडीमालकाचं नाव. एक आजोबा खिडकीशी येऊन म्हणाले, "रात्री दोनले बंडी जुंपली, बाप्पा. पट्टी नाही झाली त पैसे कवा?" त्यांना काय सांगणार? हातपावतीवर सही केली, शिक्का मारला.

कारण सापडलं ते साधंच होतं. या फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर जात असे. प्रिंटरला जागा हवी म्हणून तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी ती डिस्क काढून ठेवली होती. प्रत पोचल्याची खात्री होत नाही तोवर पोस्टग्रेस मूळ फाईल सोडत नाही. सोळा-सोळा एमबीच्या अडीच हजारांवर फाईली साचल्या होत्या. डिस्क भरत आली की मला निरोप यावा, अशी सोय मी केली नव्हती. ती चूक माझी.

जागा केली ती दुसरीकडून. कॅमेऱ्याचं महिनाभरापूर्वीचं चित्रण त्याच डिस्कवर होतं. मॅनेजरसाहेबांना विचारून ते हलवलं, बाहेरची डिस्क जोडली, डेटाबेस सुरू केला. काही मिनिटं तो जुन्या नोंदी वाचत राहिला. मग उघडला. आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या छापील पट्टीचा नंबर पडद्यावर ताडून पाहिला. तोच होता. त्या पोराचे डोळे भरून आले. माझीही छाती हलकी झाली. दुपारपर्यंत हातपावत्या चढवल्या. आजोबांची पट्टी पहिल्या दहात निघाली.

तेव्हापासून आम्ही डेटाबेस सांभाळणारे पाच जण महिन्यातून एका रविवारी बसतो. ज्यानं त्यानं आपलाच रिकामा लॅपटॉप आणायचा आणि सगळ्यांसमोर आपला बॅकअप त्यावर उभा करून दाखवायचा. दुसऱ्याच्या मशीनवर नाही. शेतकऱ्यांचे खाते क्रमांक असतात त्यात. पहिल्याच बैठकीत एकाची फाईल शून्य आकाराची निघाली, कित्येक महिन्यांपासून. सर्व्हर नवा, बॅकअप घेणारं पीजी डम्प जुन्या आवृत्तीचं. आपल्याहून नव्या सर्व्हरचा बॅकअप ते घेतच नाही, आणि ती चूक कोणी वाचली नव्हती. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवून देणाऱ्या कंपनीकडे एका माणसाच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा त्यांनाही हेच कळलं: सर्व्हर 9.6, पीजी डम्प 9.2. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. पण त्यांनी सगळं उघडपणे लिहून ठेवलं. ते मी वाचलं होतं, म्हणून ती शून्याची फाईल पाहताच दोन्हीकडच्या आवृत्त्या आधी तपासल्या.

जिनिंगचा तो पोरगाही आता येतो. बॅकअप उभा झाला की पट्ट्या मोजतो आणि शेवटच्या पट्टीचा नंबर तारखेसह वहीत लिहितो.