विद्यापीठाची मेन बिल्डिंग, म्हणजे एकेकाळचा गव्हर्नरचा बंगला

पुणे विद्यापीठात मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट वगैरेसाठी हजारो मुलं येतात, बऱ्याचदा मेन बिल्डिंगसमोर एक सेल्फी काढतात आणि जातात, पण हे घर नेमकं कोणाचं होतं हे फार कमी जणांना माहीत असतं.

पावसाळ्यात मुंबई प्रांताचा गव्हर्नर पुण्यात मुक्काम हलवायचा, त्याच्यासाठी गणेशखिंडीत हा बंगला बांधला. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना 1864 ला काम सुरू झालं. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला होता, म्हणून तेव्हा मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता, पण 1865 मध्ये तो बाजार कोसळला आणि इकडे बंगल्याचा खर्च वाढतच गेला, इतका की इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये फ्रिअरवर टीका झाली. बिल्डिंग पूर्ण झाली 1871 ला, तोपर्यंत फ्रिअर पद सोडून गेलेला! काळा दगड मात्र आपल्या इथलाच, आणि त्या कमानींच्या वर चढत गेलेला उंच टॉवर बघताना मान दुखते तरी नजर हलत नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती 22 जून 1897 ची रात्र. प्लेगच्या नावाखाली लोकांच्या घरात सोजीर घुसवणारा इंग्रज प्लेग अधिकारी रँड याच बंगल्यातून, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटपून बग्गीतून निघाला आणि गणेशखिंड रोडवर चापेकर बंधूंनी त्याला गाठून गोळी घातली. रोज आपण ट्रॅफिकमध्ये अडकतो तो हाच रोड.

1949 ला विद्यापीठ सुरू झालं, पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर. सुरुवातीचं ऑफिस भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमध्ये होतं, मग तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी लक्ष घातल्यामुळे 411 एकरांचा हा परिसर मिळाला. गव्हर्नरच्या या बंगल्यात आज संत ज्ञानेश्वर सभागृह आहे, सिनेटच्या बैठका होतात, आणि 2022 पासून समोर सावित्रीबाईंचा पुतळा उभा आहे.

नाशिक, नगर आणि पुण्याच्या खेड्यापाड्यातून आलेल्या प्रत्येक नव्या बॅचला अ‍ॅडमिशनच्या पहिल्याच आठवड्यात ही वास्तू आतून फिरवून दाखवावी असं मला मनापासून वाटतं, रँडची गोष्टही तिथेच उभं राहून सांगावी.