फ्लॅश आहे माझ्याकडे

तळ्यातल्या कुमुदिनीचे फोटो दाखवले की कुणीतरी म्हणतंच, "उजेडासाठी एवढं ताटकळण्यापेक्षा फ्लॅश मारा की!" मी हसून विषय बदलतो. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून सांगतो: फ्लॅश आहे माझ्याकडे. बॅगेतच असतो, सेल भरलेले.

तांत्रिक उत्तर तोंडपाठ आहे. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर कापसाच्या तंतूंसारखी झालर, आणि फूल जेमतेम बोटाच्या पेराएवढं. समोरून फ्लॅश पडला की झालरीचा चुन्याचा ठिपका होतो. मागून तिरपं ऊन आलं तर एकेक तंतू सुटा दिसतो. पाण्यावरची चकाकी घालवायला पोलरायझर, म्हणजे लेन्सवर चढवायची फिल्टरची काच. पाण्याच्या पातळीपासून साधारण ३७ अंशांवरून तो सगळ्यात चांगला चालतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. काळ्या पाण्यात पांढरं फूल म्हटल्यावर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर हमखास फसतो, म्हणून एक्स्पोजर स्टॉपभर खाली. त्यात फूल एका दिवसाचं.

सगळं खरं. पण फ्लॅश बाजूने, मऊ करूनही मारता येतो. फुलाला काही होत नाही. म्हणजे हे माझं उत्तर नव्हेच.

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एक टवटवीत फूल काठापासून दोन हातांवर, पण नेमकं लव्हाळ्याच्या सावलीत. अर्धा तास थांबलो असतो तर ऊन तिथवर आलं असतं. पण पलीकडून ढग सरकत होते. मी काठीच्या टोकाने फूल अलगद उन्हाकडे ओढलं. कुमुदिनीचं फूल पानाखालच्या गाठीतून निघतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. फुलामागे पान आलं आणि पाण्याखाली दोऱ्यासारखा देठ तुटला. आवाज झाला नाही, काठी एकदम हलकी झाली. पान उलटलं. गाठीशी सात-आठ कळ्या होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. उद्याची फुलं, परवाची फुलं.

मग मी काय केलं? पान सुलटं केलं, पाकळ्यांवरचं पाणी फुंकरून उडवलं, सगळं उन्हात तरंगत ठेवलं आणि फोटो काढले. चाळीसेक. माझ्या सगळ्या फोटोंत त्यातल्याच एकाचं सर्वांत जास्त कौतुक झालं. "काय उजेड पकडलाय!" उजेड नैसर्गिकच होता, ते खोटं नाही.

पुढे वाचलं की तुटलेल्या पानाच्या गाठीलाही मुळं फुटू शकतात. इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच शंका आली.

तेव्हाचा मी आजच्या मला टोमणे मारतो: आता थांबतोस म्हणजे फार सोवळा झालास का? काठावर गुडघे टेकतोस तेव्हा त्यांखाली काय चिरडतं, बघितलंस कधी? बघितलंय. त्यावर उत्तर नाही. फक्त माझा हात मला माहीत आहे. त्याला उजेड हलवायची मुभा दिली की तो फुलापर्यंत जातो. दुसऱ्या कुणाचा जात नसेल, त्यांनी खुशाल फ्लॅश मारावा.

तो फोटो अजून भिंतीवर आहे. येणारे विचारतात, "यासाठी किती वेळ थांबलात हो?"

मी म्हणतो, "बराच."