कनूचा वेग आणि तोल: मोटर बदलण्याआधीची कामे

लहान कनूला, म्हणजे वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद होडीला, मोटर बसवली की थोड्याच दिवसांत अधिक अश्वशक्तीचा मोह होतो. माझ्या मते तो खर्च शेवटी करावा, किंबहुना बहुतेकदा टाळावाच. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगावर तिच्या लांबीचेच बंधन असते. पाणरेषेची, म्हणजे होडी पाण्याला जिथे टेकते त्या रेषेची, मीटरमधील लांबी घेऊन तिच्या वर्गमुळाला साडेचारने गुणले, की ताशी किलोमीटरमध्ये ही मर्यादा ढोबळमानाने मिळते. साडेचार मीटरच्या कनूसाठी ती सुमारे ९.५ येते. अरुंद कनू ही मर्यादा थोडी ओलांडू शकते. परंतु तिच्या अलीकडेही लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, शक्ती दुप्पट केली तरी वेग जेमतेम पाव हिश्शाने वाढतो.

खरा तोटा बहुधा वजनाच्या मांडणीत असतो. मोटर मागे, इंधनाची टाकी किंवा बॅटरी मागे आणि चालवणाराही मागेच, अशा स्थितीत पिछाडी खोल बसते, नाळ (होडीचे पुढचे टोक) हवेत उचलली जाते आणि पाण्यातील लांबी कमी झाल्याने जी मर्यादा मुळातच तोकडी होती ती आणखी खाली येते. म्हणून मी सर्वप्रथम मोटरच्या हँडलला हलक्या पाइपची लांबी जोडली, स्वतःची बैठक मध्याकडे सरकवली आणि बॅटरी नाळेजवळ पट्ट्याने घट्ट बांधली. कमी खर्चाच्या या बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा पुढच्या कोणत्याही बदलाने पडला नाही. मात्र हँडलचा जोड ढिला राहता कामा नये, आणि मोटर बंद करणारी सुरक्षा-दोरी नव्या बैठकीवरूनही अंगाला अडकवता आली पाहिजे.

बॅटरी दूर गेली की तारांचा प्रश्न उभा राहतो आणि त्याकडे हमखास दुर्लक्ष होते. १२ व्होल्टची मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअर ओढत असेल आणि बॅटरी ३ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ६ मीटर तांब्याची तार लागते. ती ४ चौरस मिलिमीटरची असल्यास सुमारे १.३ व्होल्ट वाटेतच उष्णतेच्या रूपाने वाया जातात. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट साधारण ०.३ व्होल्टवर येते. फ्यूज मोटरजवळ नव्हे, बॅटरीजवळ बसवावा, कारण त्याने संपूर्ण तारेचे रक्षण करायचे असते.

मोटरची उंचीही तपासावी. पेट्रोलच्या मोटरवर पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या पातळीपासून दोन-तीन सेंटिमीटर खाली असणे सामान्यतः योग्य ठरते. मोटर त्याहून वर राहिल्यास पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतेच किंचाळते. फार खोल गेल्यास मोटरच्या पाण्यातील दांड्याचा अडथळा वाढतो.

पंख्याच्या बाबतीत आकारापेक्षा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा न घसरता जेवढे अंतर पुढे जाईल ते, महत्त्वाचा आहे. १५ सेंटिमीटर पिचचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर घसरण (पाणी मागे सरकल्याने वाया जाणारे अंतर) शून्य धरूनही होडी ताशी १०.८ किलोमीटरपुढे जाऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात घसरण बरीच असते. अधिक पिचचा पंखा लावण्यापूर्वी मोटर पूर्ण फेरे गाठते का, हे पाहणे आवश्यक आहे. ती दमत असेल, तर नवा पंखा तिला आणखी दमवेल आणि विजेची मोटर तापेलही.

वेगाबरोबर तोलही सांभाळावा लागतो, म्हणून मी दोन्ही बाजूंना लहान उलांड्या, म्हणजे आडव्या दांड्यांवरचे तोल सांभाळणारे तरंगते आधार, लावल्या. त्यांचे तरंगते ठोकळे स्थिर होडीत पाण्याच्या किंचित वर ठेवले, म्हणजे सरळ जाताना त्यांचा अडथळा होत नाही आणि होडी कलली तरच ते पाण्याला टेकतात. आडव्या दांड्या हलक्या असाव्यात आणि वल्हे मारताना हाताला लागणार नाहीत इतक्या मागे बसवाव्यात, कारण मोटर बंद पडल्यावर वल्ह्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.