गुलमर्ग : निरंक

७ डिसेंबर

शाळेचा प्रश्न सुटला. सुटला म्हणजे आम्ही दांडी मारायचं ठरवलं. आपल्याकडे मोठ्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात, स्कीइंगला बर्फ हवा जानेवारी-फेब्रुवारीत. हे गणित कुठल्याच वर्षी जुळणार नव्हतं. २६ जानेवारीला धरून सहा दिवस. थोरली आठवीत आहे, पुढे दहावी आली की संपलंच सगळं.

जागेवरून मात्र दोन आठवडे घोळ घातला, तो मी एकटीने. माझं मन औलीत अडकलेलं. लग्नाआधी तिथे गढवाल मंडल विकास निगमचा सात दिवसांचा कोर्स केला होता. पहिला दिवस नुसता बूट घालून सपाटीवर चालण्यात गेला. नडग्यांना प्लॅस्टर घातल्यासारखे ते बूट! दुसऱ्या दिवशी पडायला शिकवलं. मागे नाही पडायचं, कुशीवर पडायचं. उठताना दोन्ही फळ्या उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठताच घसरगुंडी. तिसऱ्या दिवशी थांबायला : पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, गुडघे वाकलेले. समोर नंदादेवी उभी आणि मी आपली स्वतःच्या पायांकडे बघतेय. मान वर केली ती पाचव्या दिवशी.

मुलांनी तिथेच पडावं असं फार वाटत होतं. पण २०२३च्या जानेवारीत जोशीमठ खचलं, घरांना तडे गेले, तिथून औलीला जाणारा चार किलोमीटरचा रोपवेही बंद करावा लागला. लोकांना राहती घरं सोडावी लागली त्या गावावरून आपण फळ्या घेऊन मजा करायला जायचं, हे काही मनाला पटेना. (नवरा म्हणाला, कुणी गेलंच नाही तर त्यांनी खायचं काय? बरोबर आहे त्याचं. तरीही.)

म्हणून गुलमर्ग. नाव काढल्याबरोबर आई म्हणाल्या, "पहलगाम विसरलात का?" २२ एप्रिल २०२५. गेलेल्या २६ जणांत सहा आपल्याकडचे होते. मी गप्पच बसले. रात्री दूध विरजताना त्या आपणहून म्हणाल्या, "अण्णांना एकदा बर्फ बघायचाय. जाऊ." बोलणं तिथे संपलं. मनातलं दोघींच्याही संपलेलं नाही.

२१ डिसेंबर

आजपासून काश्मिरात चिल्लई कलान लागलं. थंडीचे सगळ्यात कडक चाळीस दिवस. आम्ही त्याच्या शेपटीला पोचणार.

स्की करणार तिघंच, मी आणि मुलं. नवऱ्याने गुडघ्याचं कारण पुढे केलंय. खरं कारण भीती आहे हे त्यालाही माहीत आहे. फळ्या, बूट, काठ्या तिथेच भाड्याने घ्यायच्या. आपण इथून न्यायचे ते जाड मोजे आणि पाणी न धरणारे हातमोजे. लोकरीचे हातमोजे तासाभरात भिजून बर्फाहून गार होतात, हा औलीचा धडा.

अण्णांसाठी कालच उंचीचं कोष्टक केलं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. गुलमर्गचं मैदानच २,६५०च्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर आणखी एक किलोमीटर. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत, तो अण्णांना चालेल. दुसरा अफरवतच्या डोंगरावर जवळजवळ चार हजारांवर नेतो. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने तिथे जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. अण्णांनी कोष्टक नीट वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बघू."

त्यांचं प्रीपेड सिमही तिकडे चालणार नाही, पोस्टपेड घ्यावं लागेल. बर्फ जास्त असला तर गुलमर्गच्या अलीकडे टंगमर्गला आपली गाडी सोडून चाकांना साखळ्या लावलेली गाडी करायची. असला तर.

९ जानेवारी

बर्फ नाही.

हॉटेलवाल्याला फोन केला. "मॅडम, अभी सूखा है, इन्शाल्ला हो जाएगा." २०२४च्या जानेवारीतही असंच झालं होतं, उतारांवर पिवळं गवत, आणि बर्फ आला तो महिना सरता सरता. २०२५ला तर खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलल्या. विमान, खोली, गोंडोला, सगळ्याचं बुकिंग करता येतं. ज्याच्यासाठी चाललोय त्याचं नाही.

मी दिवसभर चिडचिड केली. मुलांवर, नवऱ्यावर, हवामानाच्या ॲपवर. अण्णा शांत. ते माणदेशातले, त्यात तलाठी म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि तालुक्याला कळवायचं. संध्याकाळी मला म्हणाले, "तिथल्या सफरचंदवाल्यांचं काय होत असेल गं? उन्हाळ्यात त्यांना याच बर्फाचं पाणी ना?" माझ्या डोक्यात तोवर फक्त कॅन्सलेशनचे पैसे होते.

आत्ता पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर १ तारखेपासून प्रत्येक चौकोनात बारीक पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. दिवा लावून वाचलं. गुलमर्ग : निरंक. गुलमर्ग : निरंक. आजच्याही चौकोनात तेच. उद्याचा चौकोन मोकळा आहे.