किक

दुपारी तीनची वेळ. खाली पार्किंगमध्ये पार्सल पोचवायला आलेल्या एका मुलाची गाडी बटणावर लागेना. बटण दाबलं की नुसतं टिक्, टिक्, टिक्. हा आवाज स्टार्टरचा नव्हे, रिलेचा, म्हणजे मोटरला करंट जोडून देणाऱ्या स्विचचा. बॅटरीत रिले ओढण्यापुरता जीव आहे, मोटर फिरवण्यापुरता नाही, एवढाच त्याचा अर्थ. खात्री करायची तर हॉर्न दाबावा, घसा बसल्यासारखा वाजतो. गाडीला किक होती. मुलाने ती बाहेर ओढली आणि पायपेटीचा भाता मारावा तशी टपटप मारू लागला. वीसएक किका झाल्या, सगळ्या अर्ध्यामुर्ध्या. शेवटी वॉचमनकाका खुर्चीतून उठले, ‘सरक जरा’ म्हणाले, किक हळूच खाली नेली, अडली तिथे थांबले, पूर्ण वर येऊ दिली आणि एक मारली. लागली. काका परत खुर्चीत.

मराठीत आपण डुलकी मारतो, गप्पा मारतो, फेरी मारतो, मिठीसुद्धा मारतो. त्यामुळे ‘किक मारणे’ यात मारामारी आहे असं समजायचं कारण नाही. तरी समजतात. किकेत जोर दहातला तीन भाग, बाकीचे सात भाग जागेचे. पिस्टन कुठे उभा आहे हे पायाच्या तळव्याला कळलं की काम झालं. कळलं नाही तर पैलवानाचीही किक फुकट.

गाड्या बदलल्या तसे आपल्याकडचे पाय घडत गेले. लुनाला तर किकच नव्हती. १९७२ मध्ये नगरच्या कारखान्यातून आलेली ही ५० सीसीची गाडी सायकलच्याच घराण्यातली. स्टँडवर चढवा, पेडल मारा. चढावर दम लागला तर पुन्हा पेडल. आयुष्याची पहिली गाडी म्हणून तिच्यावर प्रेम करणारे पुष्कळ भेटतात, पण पायाला ती काही शिकवत नाही.

खरी शाळा जावा-येझदीची. म्हैसूरच्या कारखान्यात साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून जावा बनत, पुढे त्याच येझदी झाल्या, आणि १९९६ मध्ये सगळं बंद पडलं. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. आणि किक व गिअर एकाच लिव्हरवर. डाव्या बाजूचा लिव्हर आत इंजिनाकडे दाबायचा आणि मागे वळवून उभा करायचा, की झाली किक. गाडी लागल्यावर तोच पुढे आणून बसवायचा, की झाला गिअर. नवखा माणूस पुढे आणायला विसरतो आणि पाय हवेत चाचपत राहतो. मित्राने येझदी मागितली तर नाही म्हणायची गरज पडत नसे. चावी द्यायची आणि गॅलरीतून बघत उभं राहायचं.

टू-स्ट्रोकला किक हलकी, पण पूजाविधी मोठा. पेट्रोलमध्ये ऑइल, लिटरला ४० मिली, तेही पंपावर डोळ्यांसमोर मोजून. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. थंड गाडीला चोक लावण्याऐवजी कार्बोरेटरवरचं छोटं बटण दाबायचं. ते दाबलं की आत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट खाली जातो, पेट्रोल वाढतं आणि बटणाशी ओलावा दिसतो. दिसला की लगेच बोट काढायचं. मग चावी बंद ठेवून दोन संथ किका, नुसतं पेट्रोल आत ओढून घ्यायला. मग चावी, मग खरी किक. थंडीत तीन, उन्हाळ्यात एक. दुपारच्या उन्हात तापलेल्या गाडीचं ते बटण दाबणारा माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच उभा दिसायचा.

बटण दाबायचं काम घरातल्या पोराचं. वडील लिव्हर वळवून तयार, आणि आपण कार्बोरेटरशी उकिडवे. ‘आलं का?’ ‘आलं.’ मग टाकीवर बसायचं. टाकी सकाळी गार असते, हाफ पँटीतल्या मांड्यांना चटका बसावा इतकी. निळा धूर वाड्याच्या दरवाजातून बाहेर जाईपर्यंत शेजारचे खोकायला लागलेले असतात. बोटाला पेट्रोलचा वास येतो तो शाळेत प्रार्थनेला हात जोडले तरी जात नाही. नाकाशी बोट नेऊन प्रार्थना म्हणणारी पोरं सगळी येझदीवाल्यांचीच असायची असं नाही, राजदूतवाल्यांचीही असत. राजदूतला मात्र दुधाच्या किटल्यांचा वास त्यात मिसळलेला.

वाड्यात कुणाची गाडी हे नंबरावरून नव्हे, किकांच्या संख्येवरून कळे. दोन किका, थांबा, एक किक आणि शिवी, म्हणजे पोस्टातले. एका किकेत, म्हणजे शनिवारी प्लग पुसणारे.

बुलेटचा मामला वेगळा. जुनी, लोखंडी सिलिंडरची, ३४६ सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९०. एवढा लांब स्ट्रोक आणि एकच पिस्टन, त्यामुळे कॉम्प्रेशनवर, म्हणजे पिस्टन हवा दाबायच्या बेतात असताना, तिला लाथ मारणं म्हणजे भिंतीला लाथ मारणं. सकाळी पहिल्यांदा चावी न लावता क्लच दाबून एकदोन किका. रात्रभर क्लचच्या प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या सुटतात. नाहीतर पहिला गिअर टाकताना ‘खाड्’ आवाज येतो आणि आख्खी गल्ली वळून बघते. मग न्यूट्रल पाहून चावी. हेडलाइटच्या घमेल्यावर करंट दाखवणारा ॲमीटर आहे, त्याचा काटा मायनसकडे थोडा कलतो. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं, मिटलेले आहेत आणि कॉइलमधून करंट जातो आहे, एवढंच तो सांगतो. आता किक हळूहळू दाबत न्यायची. दगड लागल्यासारखी अडली की थांबायचं, डाव्या हाताखालचा डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढायचा. फुस्स करून हवा सुटते. किक आणखी बोटभर खाली, काटा मध्यावर आला की लिव्हर सोडायचा. किक पूर्ण वर येऊ द्यायची. मग रेसला हात न लावता एकच किक, सावकाश सुरू करून तळापर्यंत.

यातलं मर्म त्या बोटभरात आहे. पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे गेला की पुढचं कॉम्प्रेशन यायला इंजिनाचे जवळजवळ दोन फेरे असतात. तेवढ्यात फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, वेग घेतं आणि तो वेगच पिस्टनला पुढच्या टोकापार नेतो. पायाने फक्त फ्लायव्हीलला हलवून द्यायचं असतं. हे कळलेला पन्नास किलोचा कारकून बुलेट लावतो, आणि न कळलेला तालमीतला पोरगा घोटा बांधून घरी बसतो.

घोट्याचं कारण साधं आहे. ठिणगी पिस्टन टोकाला पोचण्याच्या जराशी आधी पडते. इंजिन वेगात असेल तर स्फोटाचा जोर येईतो पिस्टन टोक ओलांडून गेलेला असतो. अर्धवट, भीत भीत मारलेल्या किकेत तो रेंगाळतो, स्फोट त्याला उलटा ढकलतो आणि किक बॅक मारते. टायमिंग जास्त ॲडव्हान्स असेल, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असेल, किंवा पॉइंटच्या मागे फिरणाऱ्या ॲडव्हान्स युनिटच्या स्प्रिंगा सैल पडून ते उघडंच अडकलं असेल, तर नीट मारलेलीही किक उलटी येते. असं दोनदा झालं तर तिसरी मारू नये. पॉइंटचं झाकण उघडावं. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. फट मोजायची पट्टी, म्हणजे फिलर गेज, नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहावं, सरकायला किंचित धरलं म्हणजे ठीक. पॉइंटवर काजळी असेल तर पॉलिश पेपरचा एक हात, आणि नंतर कोरड्या कागदाने पुसणं आवश्यक, कारण पेपरची वाळूच ठिणगी खाते. पॉइंट पुन्हापुन्हा जळत असतील तर ते घासत बसण्यात अर्थ नाही, कंडेन्सर गेलेला आहे.

आणि चपलेने बुलेट लावू नये. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

स्कूटर ही मोटरसायकल नव्हे, तरी तिला वगळलं तर शेजारी बोलणार नाहीत. चेतक आडवी करून मग किक मारायची ही प्रथा घरोघर पाळली गेली. आडवी केली की फ्लोट कलतो, चार थेंब जास्त जातात, थंड इंजिनाला दाट मिश्रण मिळतं, हे झालं शास्त्र. बहुतेक वेळा टाकी तळाला गेलेली असायची, हे खरं कारण.

यामाहाच्या आरएक्स १०० बद्दल मी फार बोलणार नाही, बोलणारे पुष्कळ आहेत. १९८५ ते १९९६, ९८ सीसी, ऑइलची टाकी वेगळी त्यामुळे पंपावर मोजमाप नाही. किक इतकी हलकी की पोरं हाताने मारून दाखवत. तिचा मोठेपणा वेगळाच होता. गिअरमध्ये असतानाही क्लच दाबून किक लागे. सिग्नलला बंद पडली तर न्यूट्रल शोधत बसायला नको. जुन्या बुलेटची किक गिअरबॉक्समधून जाते, तिथे न्यूट्रलशिवाय गत्यंतर नाही, आणि मागचे हॉर्न वाजवत असतात. त्याच १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक, ९७ सीसी. चोक ओढा, एक किक, चोक सोडा, ऑफिसला जा. त्या गाडीबद्दल लिहायला काही सापडत नाही, आणि तिचे मालक हीच तिची स्तुती समजतात.

किक लागत नाही तेव्हा माणसाचा स्वभाव दिसतो. टू-स्ट्रोकला पेट्रोल जास्त झालं की प्रत्येक किकेने ते वाढतच जातं, आणि माणूस चिडून आणखी मारतो. थांबावं. पेट्रोल कॉक बंद, चोक बंद, चावी बंद, रेस पूर्ण उघडी आणि प्लग काढून आठदहा किका, म्हणजे आतलं पेट्रोल भोकातून उडून जातं. या वेळी प्लगची वायर भोकापासून लांब धरावी, चुकून चावी चालू राहिली तर भडका उडायला एक ठिणगी पुरते. प्लग पुसावा. दोन टोकांत कार्बनचा केसाएवढा पूल झाला असेल तर पिनेने काढावा. गॅप साधारण ०.६, म्हणजे हॅकसॉचं पातं जेमतेम जाईल इतकी. प्लग गॅसवर तापवून बसवणारी एक पिढी होऊन गेली. उपाय चालतो, पण ओट्यावर काळा डाग राहतो आणि पुढचा संवाद इंजिनापेक्षा अवघड जातो.

किक खाली जाते पण इंजिन फिरत नाही, याचे दोन प्रकार. ‘कट्कट्’ करत सुटली तर किक इंजिनाला अडकवणारं आतलं दातेरी रॅचेट झिजलं. गुपचूप, लोण्यात सुरी जावी तशी गेली तर बुलेटसारख्या गाडीत क्लच घसरतो आहे, आधी केबलला थोडी ढील देऊन पाहावी. किक वर येत नाही आणि लोंबकळते, म्हणजे परतीची स्प्रिंग तुटली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ती बांधणाऱ्यांचा मी आदर करतो. लिव्हरचा बोल्ट सैल राहून दाते झिजले की मात्र काही मिस्त्री लिव्हर सरळ शाफ्टला वेल्डिंग करून देतात. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पुढे क्लच उघडायची वेळ आली की कळतं, लिव्हर निघाल्याशिवाय साइड कव्हर निघत नाही, आणि लिव्हर आता कटरशिवाय निघणार नाही. वेल्डिंग करणारा तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

आता चावी फिरवली की टाकीतून ‘झूंऽ’ असा बारीक आवाज येतो. दोन सेकंद थांबून पंप गप्प झाला की बटण दाबायचं. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सहा नियम आल्यावर बहुतेक गाड्यांचे कार्बोरेटर गेले आणि पुष्कळांची किकही गेली. २०२३ च्या नव्या बुलेटला किक नाही. तक्रार करावी तर गुडघे ऐकत असतात. साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, बटणाविरुद्ध तासभर बोलेल आणि मग बटण दाबून घरी जाईल.

पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली एक येझदी उभी आहे. आजच्या गडबडीत कव्हर जरा सरकलं तेव्हा टाकीची क्रोमची कड दिसली. वापरणारे गेले, मुलगा कधीतरी रविवारी येतो, चाळीसेक किका मारतो, घाम पुसतो, कव्हर घालतो. त्याचं सगळंच चुकतंय असं नाही. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन जुन्या तेलासारखं झालं असणार, ते आधी काढायला हवं. कार्बोरेटरचा जेट डिंकाने बुजला असणार, तो पेट्रोलात भिजवून हवेने साफ करायचा, तार घालायची नाही. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी हाताने किक दाबून पिस्टन मोकळा झाला का पाहायचं. मग नवा प्लग, ताजं पेट्रोल, लिटरला ४० मिली.

कार्बोरेटरवरचं ते बटण मात्र किती वेळ दाबायचं हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. काही गाड्यांना ओलावा दिसला की पुरतं, काहींना थेंब पडावा लागतो. या गाडीला काय लागायचं ते वॉचमनकाकांना माहीत असेल. मुलाने अजून विचारलेलं नाही.