रजिस्टरमधला 4.7

रात्रभर वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि मांजरा नदीला हंगामातला पहिला लोंढा आला होता. सकाळी सहाला जलशुद्धीकरण प्लांटवर पोचलो तर रात्रपाळीचे मामा जॅकवेलचं, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीचं, पाणी स्टीलच्या ग्लासात घेऊन दारातच उभे. "सर, आज पाणी न्हाई, चहा आलाय."

आदल्या संध्याकाळी कच्च्या पाण्याची टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, 38 एनटीयू होती (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक). आता मशीन आकडाच दाखवेना, कारण ते 1000 एनटीयूच्या पुढे मोजत नाही. डिस्टिल्ड वॉटर घालून पाणी चौपट पातळ केलं, तेव्हा 410 आलं. म्हणजे मूळचं 1640.

पत्र्याच्या भोकातून कवडसा आत येतो तेव्हा त्यात धूळ नाचताना दिसते. बाकी खोलीतही तेवढीच धूळ असते, पण दिसते ती कवडशातली, आणि तीही बाजूने बघितलं की. आमचं मशीन तेच करतं. काचेच्या नळीतल्या पाण्यात प्रकाश सोडायचा आणि कणांवर आपटून काटकोनात किती फुटतो ते मोजायचं. मे महिन्यात खडी क्रशरच्या बाजूचं आभाळ पांढरट दिसतं, तीही हीच करामत.

आमच्या काळ्या मातीची खोड वेगळी. वाळू मिनिटात तळाला बसते. ही चिकणमाती दोन मायक्रॉनहून बारीक, आणि प्रत्येक कणावर ऋण भार. एकमेकांना ढकलत दिवसचे दिवस तरंगत राहते. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तो भार मारतं, मग कण एकमेकांना धरतात. आजी रांजणात तुरटी फिरवायची ती यासाठीच. फक्त रांजणाला अंदाज चालतो, प्लांटला चालत नाही.

म्हणून जार टेस्ट, नेमकी किती तुरटी लागेल ते आधी बीकरमध्ये बघायचं. हे काम मला मनापासून आवडतं. लिटरचे सहा बीकर, एक टक्का तुरटीचं पाणी, पहिल्यात 4 मिली, शेवटच्यात 9. एक मिली म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम. एक मिनिट 100 फेऱ्यांनी जोरात ढवळायचं, मग वीस मिनिटं, मिनिटाला 30 फेऱ्यांनी, अगदी हळू. इथेच लोक घाई करतात. हळू ढवळताना आधी पाणी नुसतं धुरकट दिसतं, मग टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग भिजलेल्या साबुदाण्याच्या कणीसारखे पुंजके. मोटर बंद केली की ते भुरभुरत खाली येतात. चौथ्या बीकरमधून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. पाचव्या-सहाव्यात तुरटी जास्त, तरी पाणी पुन्हा धुरकट, कारण जादा तुरटीने कणांवर उलटा भार चढतो आणि ते परत एकमेकांपासून पळतात. हे मी साहेबांना तीन पावसाळे सांगतोय. त्यांचं उत्तर ठरलेलं: "दोन पोती जास्त टाका ना."

चौथा बीकर म्हणजे लिटरला 70 मिलिग्रॅम. आमचा प्लांट 6 एमएलडीचा, दिवसाला साठ लाख लिटरचा, म्हणजे रोज 420 किलो तुरटी. एरवी 90 किलोत भागतं. स्टोअरमध्ये पन्नास किलोची 23 पोती होती, जेमतेम पावणेतीन दिवसांची. पावसाळ्यासाठी तुरटीची मागणी मी एप्रिलमध्येच दिली होती. ती फाईल कुठल्या टेबलावर निवळतेय देव जाणे.

मामांनी घणाने तुरटीच्या लाद्या फोडल्या, डोस वाढवला. दुपारपर्यंत क्लॅरिफायरचं, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीचं, पाणी बरं दिसायला लागलं, पण फिल्टर तुंबला. बॅकवॉश घेतला, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुतला. बॅकवॉशनंतर फिल्टरमधून येणारं पहिलं पाणी गढूळच असतं, ते वाया सोडायचं असतं. आमचा तो वाया सोडायचा व्हॉल्व्ह दोन वर्षांपासून जाम आहे. त्यामुळे ते पाणी थेट साठवण टाकीत जातं.

दोन वाजता फोन. "त्या भागाला पाणी सुटून आज आठवा दिवस आहे. पाणी सुटलं नाही तर लोक ऑफिसात येतील." साहेबांचं चूक म्हणवत नाही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा ज्यांनी काढला, त्यांना आठव्या दिवशी 'उद्या या' सांगायची माझीही छाती नाही. शिवाय पाणी नाही सुटलं तर लोक बोअरचं पितात. ते आरशासारखं स्वच्छ दिसतं, म्हणून त्यातल्या नायट्रेटबद्दल कुणी तक्रार करत नाही.

टाकीतल्या पाण्याचं सॅम्पल लावलं: 5.8. पिण्याच्या पाण्याला मानक 1 एनटीयूचं, दुसरा स्रोत नसेल तर 5 पर्यंत चालवून घेतात. नळी बाहेर काढली, धोतराच्या मऊ तुकड्याने पुसली, खूण जुळवून परत लावली: 4.7.

यात बेकायदा काही नाही. काचेवर बोटाचा ठसा असला, दमट हवेने ओल धरली, पाण्यात बारीक बुडबुडे असले की आकडा चढतो. नळी पुसूनच लावायची असते. पण पहिल्यांदाही मी ती पुसली होती. आणि पहिल्यांदाच 4.7 आलं असतं तर मी ती बाहेर काढलीच नसती. नवं सॅम्पल भरून तिसऱ्यांदा बघता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. फोन परत वाजत होता.

रजिस्टरमध्ये 4.7 लिहिलं. क्लोरीनचा डोस वाढवला, कारण जंतू कणांच्या आडोशाला राहतात आणि तिथे क्लोरीन पोचत नाही. वॉलमनला सांगितलं, शेवटच्या गल्लीतल्या नळावर तपासूनच ये. तिथे लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन मिळालं, लागतं तेवढं, त्याहून थेंबभर जास्त नाही. त्या भागातून नंतर जुलाबाची तक्रार आली नाही. पाण्याला वास येतो, अशा मात्र चार आल्या.

त्या दिवशी टाकीचं उरलेलं पाणी मी काचेच्या बाटलीत भरून लॅबच्या खिडकीत ठेवलं. का ठेवलं ते सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी बघितलं तर पाणी लख्ख आणि तळाला काजळ घातल्यासारखी एक बारीक रेघ. झाडताना मामांनी बाटली उचलली, उजेडात धरली, रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत होती तिथे ठेवली.